सादुल्लाचा डावा हात

एप्रिलात लिनो तापवावा लागत नाही.
परभणीत गच्चीवर दहा मिनिटं टाकला
की लोण्यासारखा कापतो.
शाई मात्र काचेवरच सुकायला लागते,
म्हणून छापायचं पहाटे, नळ यायच्या आत.
प्रेस नाही माझ्याकडं.
वरणाचा डाव उपडा धरून
कागदाची पाठ घासते
मनगट भरून येईस्तोवर.

परवा रोलर पुसायला रॉकेल मिळालं कुठूनसं
आणि वासासरशी पूर्णा जंक्शन:
रेल्वे क्वार्टरांच्या तोंडाशी पत्र्याची टपरी,
पितळी स्टोव्ह उताणे पडलेले,
आणि सादुल्ला
बर्नरच्या भोकात पिन घालून
एक डोळा मिटून असा बघतोय
की आत कुणी राहतं.
आई पाठवायची, भडकतोय म्हणावं, वायसर बदल.
तो पंप मारायचा, कान लावायचा.
निळी ज्योत धरली की माझ्याकडं न बघता म्हणायचा,
"हां, अब बोल्या."

फोटो नाही त्याचा. आठवूनच कोरला.
कोरताना कळतं काय काय ठाऊक नाही:
कानाची पाळी,
शर्टाला खिसा होता का,
चपला कसल्या.
तिथं पातं लावलंच नाही.
तेवढं काळं राहिलं.

पाटीवरची अक्षरं तेवढी जपून उलटी कोरली,
'येथे स्टोव दुरुस्त होतील',
छापात सुलटी यावीत म्हणून.

पहिली प्रत घेऊन पूर्णेला गेले.
त्याची लेक शमीमुन्निसा फॉल लावत बसलेली.
तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली,
"अब्बा तो डावखुरे थे."

हाताचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
सांगू लागले, छापात सगळं फिरतं,
दुसरा करून आणते,
पण तिनं कागद पाठीकडून धरला होता
खिडकीच्या उजेडात,
आणि पिन
डाव्या हातात आली होती.

"अक्षरं उलटी दिसतील अशानं."
"दिसू दे ना बाई.
अब्बाला कुठं वाचता येत होतं?"
कणकेची खळ करून तिनं तो
काचेला लावून टाकला, तोंड रस्त्याकडं.

काल तिचा फोन आला.
तिघं जण विचारून गेले म्हणे, दुकान कधी उघडतं.
एक म्हातारी तर
पदराखाली स्टोव्हच घेऊन आली होती.