अपवाद

दवाखान्यात मिलेंकाबाईंनी
पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं:
धाकटीला, दीड वर्षाची होईपर्यंत, स्क्रीन नाही.
मोठ्याला दिवसाला एक तास,
तोही तुम्ही शेजारी बसून.
जेवताना नाही. झोपण्याआधी नाही.
मग पेन थांबवून, चष्म्यावरून बघत:
"बापाचा फोन आला तर चालेल.
तो मोजू नका."

पुंता अरेनासला वारा पिसाळला
की चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
तो कागद मी फ्रिजवर लावला.

पहिला आठवडा बाल्तासारनं घर डोक्यावर घेतलं.
चार वर्षांच्या पोराला तास म्हणजे काय, कसं कळावं?
म्हटलं, पाव आत जातो आणि फुगून बाहेर येतो, तेवढा.
आता तो ओव्हनच्या काचेपुढेच बसतो, कार्टून सोडून,
आणि पाव लालसर झाला की ओरडतो:
संपला माझा तास!

कधी कधी मीच चुकते.
कपडे पिळायचे राहिलेले, डोकं ठणकत असतं,
एकाचे दोन होतात.
मिलेंकाबाईंना हे सांगितलेलं नाही.

एलेउतेरियो खेकड्यांच्या बोटीवर.
तिकडच्या खाड्यांत रेंज नाही;
आठ-दहा दिवसांतून एकदा तो येतो,
ठिपक्याठिपक्यांचा,
ओठ आधी, आवाज मागून.
अनाही त्याच्या नाकावर बोट ठेवते,
काचेला तोंड लावते. "पा."
फोन कट झाला
की तो उलटा करून मागे बघते.

डिसेंबरात हंगाम संपला.
रात्री दहाच्या उजेडात तो दारात उभा,
डिझेलचा वास, दाढी,
आणि केवढा तरी उंच.
ती किंचाळली. माझ्या पायामागे लपली.
त्यानं हातातली पिशवी हळूच खाली ठेवली,
काही बोलला नाही.

बाल्तासारनंच त्याला जमिनीवर बसवलं.
बिस्किटांचा खोका आणला,
तळ फाडून आरपार केला,
आणि बापाच्या तोंडापुढे धरला.

अनाही थांबली.
आली, धरत धरत, खुर्ची, मग टेबल.
नाकावर बोट ठेवलं,
लगेच मागे घेतलं,
पुन्हा ठेवलं.
मग सवयीप्रमाणे
खोक्याच्या मागे जाऊन बघितलं:

कान होता. मान होती.
स्वेटरची उसवलेली शिवण होती,
तिच्यात तिचं बोट जात होतं.