डावी टाच

पहिल्या पगारातल्या पंच्याऐंशी रुपयांच्या या वहाणा.
पारोळ्याच्या आठवडी बाजारातल्या. इतक्या कडक
की महिनाभर मी चालले, आणि त्या चावल्या.

भिलाजीने हातात घेतल्या, नाकाशी धरल्या.
बाभूयनी सालमा मुरेल शे, म्हणाला. टिकी.
फक्त उन्हात वाळवायच्या नाहीत, चुलीशी तर नाहीच,
आणि अमावास्येच्या अमावास्येला एरंडेल.
चामडं मरस नही बाई, त्याले तीस लागस.

तीस वर्षं पाजत आले.
काळ्या मातीने पायातून ओढून घेतल्या तेव्हाही
घरी येऊन खराट्याच्या काडीने शिवणीतला चिखल काढला,
तेलाची चिंधी पट्ट्यावरून फिरवली.
बोटं आपोआप हळू व्हायची,
टोचलेल्या मांडीवर कापूस फिरवताना होतात तशी.

एकदा त्याने ट्रकच्या टायरचा तळ बसवला.
धुळीत माझ्या मागे चाकाची नक्षी उठायची.
ट्रकबाई उनी, पळा रे!
पोरं ओरडायची
आणि सुई दिसायच्या आत कपाशीत पांगायची.

अंगठे तीनदा बदलले, पट्टे दोनदा.
पाय टेकतो तो थर मात्र त्याने बदलू दिला नाही.
तिथे माझ्या बोटांचे पाच-पाच खळगे.
हाई तुन्हं आधार कार्ड, म्हणायचा.

डावी टाच दरवर्षी झिजायची, बाहेरच्या कडेने.
उजवी जशीच्या तशी.
पहिल्याच वर्षी, मान वर न करता त्याने विचारलं होतं,
डाव्या खांद्यावर काय वाहस तू?
लसीचा डबा, मी म्हटलं. बर्फासकट.
त्याची आरी जरा थांबली.
तेव्हापासून डाव्या टाचेला एक चकती जास्त.
तिचे पैसे त्याने कधी धरले नाहीत.

दोन वर्षं झाली निवृत्त होऊन.
आता दळण, दूध, बँक, एवढंच चालणं.
परवा बसस्टँडच्या फाटकाशी, त्याच निंबाखाली,
वहाणा उलट्या करून त्याच्यापुढे ठेवल्या.
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने त्याने बराच वेळ पाहिलं,
कडेवरून नख फिरवलं.
डबा ठी दिधा बाई तू,
खांदा ठिवा नही अजून.

आणि मेणाचा दोरा दातात धरून
चकती कापू लागला.
मी त्याच्या पोत्यावर अनवाणी,
दोन्ही टाचांवर सारखं उभं राहून बघत होते,
जमतं का.