आठवा व्हिडिओ

शिरोलीत तिसरी पाळी सुटते सातला.
पंचगंगेच्या पुलावर धुकं,
माझ्या कानाच्या पाळीत काळी वाळू.
अंघोळीआधी फोन तांदळाच्या डब्याला टेकवतो.
सर येतात. पांढरा शर्ट, स्वच्छ फळा.
ओतकामाची मूलतत्त्वे. फुकट.

नाव घातलं तेव्हा फी नाही विचारली कुणी,
दाखला नाही,
दहावीला गणितात गेलो होतो, तेही नाही.
दोनदा वाचलं मी, खाली बारीक अक्षरात काही आहे का.

सर इंग्रजीत बोलतात.
खाली मराठी पळते, यंत्रानं केलेली:
'आता बुरशीत वितळलेलं लोखंड ओता.'
बुरशी म्हणजे मोल्ड. म्हणजे आमचा साचा.
एकटाच हसलो. सुरेखा म्हणाली, काय झालं?
तिला सांगता येईना.

तापमानासाठी सर आलेख काढतात.
मला रंग ठाऊक आहे.
लिंबापेक्षा जरा पांढरं, तेव्हा लॅडल तिरकं करायचं;
रहिमानचाचांनी शिकवलं, 'थांब की रं आंधळ्या!' म्हणत.
पण का थांबायचं, ते चाचा बोलले नाहीत.
त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

सातव्या व्हिडिओत सर म्हणाले,
वाळूतल्या ओलीची वाफ होते,
वाट मिळाली नाही की ती लोखंडातच घर करते.
मी फोन थांबवला.
बावीस वर्षं ज्या भोकांपायी पगार कापला,
तो कोंडलेला श्वास होता नुसता.
मी हात वर केला. खरंच केला,
उघड्या अंगानं, स्वयंपाकघरात.
विचारायचं होतं, पावसाळ्यात वाळू किती ओली धरायची?
सर पुढं बोलत राहिले.

आज्जा सांगायचा,
दसरा चौकातल्या बोर्डिंगात
पुस्तकाआधी भाकरी मिळायची,
आणि पहाटे कंदील घेऊन एक मास्तर
पोरांची पांघरुणं ओढत फिरायचे.

माझं पांघरूण कोण ओढणार?
आठवा व्हिडिओ सहा आठवडे तसाच आहे,
चार मिनिटं अकरा सेकंदांवर,
सरांचं तोंड अर्धं उघडं.
डबल पाळी आली, मग धाकटीचा टायफॉइड,
मग दिवाळीची ऑर्डर.
फोनवर निरोप येतो: तुम्ही मागे पडत आहात.
हे मला नवीन नाही.
कागद हवा तर हजार रुपये, परीक्षा पुण्यात, रविवारी.
आमची सुट्टी सोमवारची.

काल कागलच्या नव्या पोराचं, सुजयचं,
पहिलंच कास्टिंग चाळणी होऊन निघालं.
सुपरवायझर ओरडून गेला.
मी मूठभर वाळू त्याच्या तळव्यात दाबली. उघड म्हणालो.
गोळ्यावर बोटांचे ठसे.
मोड आता. वाफेचं सांगितलं.
लोखंड निवेपर्यंत तो गप्प ऐकत होता.
मग म्हणाला,
'आणि पावसाळ्यात किती ओली धरायची वो?'

आठव्यात असंल, मी म्हणालो.
उद्या चहाच्या सुट्टीत बघू.
तुझ्या फोनात डेटा किती उरतो?