गाठ

नकाशा आधीच ठरलेला असतो.
जकार्डच्या पुठ्ठ्यांवर भोकं पाडलेली,
मोर कुठे, वेल कुठे, काठाचा मरून कुठे थांबणार,
सगळं साखर पेठेतल्या एका माणसाने
चष्मा नाकावर ओढून पाडून ठेवलेलं.
मी फक्त माग चालवतो.

अकरा वर्षं मी हेच सांगत आलो,
मागाबद्दल, आणि देवाबद्दलही.

रविवारी मोठ्या वर्गाला शिकवायचो:
तो निवडतो, तो बोलावतो, तो राखतो.
फळ्यावर तीन बाण, तिन्ही वरून खाली.
भांबळांची सलोमी हात वर करायची,
"मग सर, आपण कशाला सांगायचं कुणाला?"
"चांगला प्रश्न आहे," मी म्हणायचो,
आणि घंटा व्हायची.

सोमवारी रात्रपाळी.
शेजारच्या मागावर राजमल्लू चिप्पा,
गालात तंबाखू, कानात कापूस,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, त्यातली अर्धी माझी.
त्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगत वाढली.
माझी आई गेली तेव्हा पुढचा उजवा खांदा त्याचा.
कबरस्तानातून येताना, चपलांची माती झटकत
त्याने विचारलं होतं,
"तुमच्यात मेल्यावर गाणी म्हणतात बे. भीती वाटत नाही?"

मला उत्तर ठाऊक होतं.
अख्खं, संदर्भांसकट.
मी म्हणालो, "चहा घेऊ या का?"

माग फार आवाज करतात हो.
शिवाय मालक काय म्हणेल,
लोक म्हणतील, बाटवायला निघाला.
आणि सगळ्यांत साजूक कारण, खास देवाच्या तुपातलं:
नाव लिहिलेलं असेल तर येईलच तो.
नसेल, तर मी कोण?

मार्चमध्ये राजमल्लूच्या फुप्फुसांत कापूस सापडला.
डॉक्टर असं म्हणाले नाहीत. आम्ही म्हणालो.
एप्रिलात, सिव्हिलच्या भिंतीसुद्धा तव्यासारख्या झाल्या तेव्हा
मी गेलो. खिशात छोटं पुस्तक.
जिन्यावर तीनदा थांबलो, वाक्य जुळवलं, पुन्हा मोडलं.

"बस," तो म्हणाला. "उशीर केलास की बे."

शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई,
विडी घरकुलातली, बोटांना तंबाखूचा वास मुरलेला,
अक्षरओळख नाही,
विश्वासात येऊन जेमतेम दोन वर्षं.
तिने रोज रात्री, पोराचा ताप बघता बघता,
तोडक्यामोडक्या तेलुगूत
राजमल्लूला सांगितली होती
शंभरातलं एक मेंढरू हरवल्याची गोष्ट.
मधेच विसरायची. पुन्हा पहिल्यापासून.

"काल बोललो मी त्याच्याशी," राजमल्लू म्हणाला.
"ऐकतो तो."
मग माझ्याकडे पाहिलं,
मागावर धागा तुटला की पाहायचा तसं.
"तुला माहीत होती ही गोष्ट?"
"हो."
"कधीपासून?"

मेमध्ये तो गेला. गाणी नव्हती. त्याच्या रीतीने सगळं झालं.

माझ्यावाचून देवाचं काही अडलं नाही,
या आनंदाने मी रडलो, हे खरं आहे.
आणि ते "कधीपासून"
अजून त्या खाटेच्या कडेला पाय सोडून बसलंय, हेही.

पुठ्ठे फिरतात. मोर यायचा तिथेच येतो.
पण रात्री अडीचला ताण्यातला एक धागा तुटतो,
आणि पुठ्ठ्यांना बोटं नसतात.
माग थांबवून, बोट जिभेला लावून
कुणीतरी गाठ मारायची असते.
कुणीतरी मारतंच, चादर काही अडत नाही.
धागा मात्र माझ्या पाळीत तुटला होता.

आता त्या मागावर होटगीचा एक पोरगा आहे.
भाकरी एकटाच खातो, भिंतीकडे तोंड करून.
फळ्यावरचे बाण मी पुसलेले नाहीत. ते खरेच आहेत.
पण काल डबा उघडला तेव्हा
मी आधी माग बंद केला.
त्याचं नाव विचारलं.
मग त्याच्या आईचं.