भरलेलं, रिकामं, निव्वळ

कळमन्याच्या धरमकाट्यावर, केबिनमध्ये,
कूलरचं पाणी संपलेलं, नुसता पंखा फिरतोय.
बाहेर मे महिना डांबर सोलतोय.
गुलाबराव टेंभुर्णे स्टूल पुसून देतात.
"बसा मॅडम. हा डबा उद्या भंगारात चालला.
याच्यातलं काढून घ्या म्हणून राहिले मार्केटवाले."

सतरा वर्षं. अठरा लाखांवर ओळी.
गाडी नंबर, माल, भरलेलं, रिकामं, निव्वळ.
सगळं मिळून चारशे एमबी, आणि डिस्कवर जागा साठ.
आधी उतरवू, मग दाबू, अशी सोयच नाही.
वाहता वाहताच दाबावं लागेल.

मी कमांड लिहिते. मधे एक उभी रेघ.
"हा दंड कायचा?"
आईच्या पोथीत असा दंड आला की ती थांबायची,
घोटभर पाणी प्यायची, चष्मा वर सारायची.
इथे उलट आहे, मी म्हणते.
इथे दंड म्हणजे थांबू नको,
ओंजळीतलं तसंच पुढच्याच्या ओंजळीत दे.

एंटर.

कर्सर लुकलुकतो. दिसत काहीच नाही.
अलीकडून संत्रा संत्रा संत्रा येत असणार,
अंबिया, मृग, पुन्हा अंबिया,
मिरची भिवापुरी, तूर, संत्रा,
एमएच एकतीस, एमएच एकतीस, एमएच एकतीस,
आणि पलीकडे बसलेला कुणी शहाणा हमाल
एकदा उचललेलं पुन्हा उचलत नाही.
नुसतं सांगतो: एवढं मागे जा, तिथलं एवढं घे.

सात मिनिटं लागतात.
तेवढ्यात दोन ट्रक तोलून होतात, वहीत, पेनानं.

"किती भरलं?"
एकतीस.
पेनाचं टोपण लावता लावता हात थांबतो.
"चारशेचे एकतीस?
मॅडम, माझ्या काट्यावर वजन एवढं उतरलं
तर त्याचा अर्थ एकच.
रस्त्यात कोणीतरी खाल्लं."

मी हसत नाही.
ताडपत्रीखाली लपवलेली ओली रेती
ज्यानं चाकांकडे नुसतं पाहून पकडली,
त्याला विश्वास ठेवा म्हणू नये.
फाईल उलटी वाहवते, ओळी मोजायला लावते.
अठरा लाख चार हजार दोनशे सहा.
मूळच्याही तेवढ्याच.
ते दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून,
ओठ हलवत, दोनदा वाचतात.

"नाव काय दिलं?"
बाहेरच्या पिशवीला दिलंय. आत मात्र
नुसती एक आडवी रेघ.
नळीतून आलेल्याला नाव नसतं,
झिप विचारतही नाही.

ते खिडकीच्या काचेतून काट्याकडे पाहत राहतात.
"मंग एक ओळ पाहून द्या.
दोन हजार अकरा. तान्ह्या पोळ्याची रात्र.
गाडी नंबरात मीही आडवीच रेघ मारली होती."

शोधते. सापडते.
माल: घरचे.
भरलेलं: दीडशे. रिकामं: शून्य.
निव्वळ: दीडशे.

"बायको म्हणे, जगाले तोलता, आमाले पण तोला ना एकदा.
ती, मी, दोन पोरी.
लहानीच्या हातात लाकडाचा बैल होता, तो धरून.
काटा दहा-दहानं चढते, बैल काई लागला नसंन."

पेनड्राइव्ह काढून मी डबीत घालते.
ते अजून स्क्रीनकडेच.
"हे पण दबलं होतं ना, त्या एकतीसमध्ये?"
होतं.
"मोडलं नाई."
नाही.

बाहेर हॉर्न. छत्तीसगडची गाडी, पोत्यांवर पोती.
टेंभुर्णे खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसतात,
खिडकीतून ओरडतात:
"ए भाऊ, खाली उतर आधी!
माणूस धरत नाई आपण वजनात."