जमीन

पहिले दोन आठवडे रंग नव्हताच.
काळ्याची एक नळी, पांढऱ्याची एक,
आणि दोघांच्या मध्ये नऊ करडे चौकोन.
पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात, हेल्दुर म्हणाले,
उतरताना नजरेला ठेच लागता कामा नये.
माझ्या सातव्या-आठव्यात लागायचीच.
अकरा वेळा कापले, अकरा वेळा चिकटवले.
डोळे किलकिले करून बघ, ते म्हणायचे,
नीट दिसणं कधीकधी आड येतं.

तालिनमधला नोव्हेंबर.
साडेतीनला दिवस आवरतं घेतो.
रात्री ट्यूबलाइटखाली जुळवलेला हिरवा
सकाळी खिडकीशी नेला की फितूर.

मग पुठ्ठ्याची खुर्ची.
डिंक नाही, खिळा नाही, नुसत्या घड्या,
आणि बसून दाखवायचं ज्याचं त्यानं.
काद्रीची टिकली. राइनरची कुरकुरली, पण टिकली.
मी बसायच्या आत
माझी खुर्चीच बसली.

जानेवारीत शेवटचा स्वाध्याय:
एक रंग घ्या, त्याचे दोन करून दाखवा.
म्हणजे तुकडा तोच, फक्त जमीन वेगळी.
कपड्याला असते तशी जमीन,
जिच्यावर बुट्टी खुलते, नाहीतर मरते.

रंग शोधायला लांब जावं लागलं नाही.
दाराच्या खुंटीवर बाबांचं जाकीट,
कोप्लीच्या गोदीतली एकवीस वर्षं बाहीवर वाळलेली:
गंज अडवणारा तो शेंदरी,
जहाजाच्या पोटाला आधी तोच लागतो
आणि मग वरच्या रंगाखाली कुणाला दिसत नाही.
चार संध्याकाळी गेल्या मिसळण्यात.
बाही शेजारी ठेवून.
आई म्हणाली, धुऊन तरी घे ती.

एक तुकडा ओल्या पाटीसारख्या करड्यावर: निखारा.
दुसरा पिकल्या नारिंगीवर:
चहात पडलेलं बिस्किट.
हेल्दुरनी कड अंगठ्यानं झाकून पाहिली,
काही बोलले नाहीत. पुढच्या टेबलाकडे गेले.
ही त्यांची शाबासकी, काद्री म्हणाली.
मला खात्री नव्हती.

प्रदर्शनाला बाबा आले.
अंगात लग्नातला कोट, हात पाठीमागे बांधलेले,
कशाला चुकून लागू नयेत म्हणून.
लहानपणी मी त्यांना पाहिलेलं
परातीवर उभं, लांब दांड्याचा रोलर,
समोर गल्लीएवढं जहाज, आणि तरी तेच मोठे.
इथे पांढऱ्या भिंतीपुढे
ते कुणाच्या तरी मागे उभे राहत होते.

माझ्या चौकोनांपाशी थांबले. वाकले.
चष्मा वर, चष्मा खाली.
डबे दोन वेगळ्या खेपांचे आहेत, म्हणाले,
हळूच, माझी लाज राखत.
कुणी बघायच्या आत बदलून घे.

मी दोन भोकांचा पुठ्ठा त्यावर ठेवला.
जमिनी झाकल्या गेल्या,
भोकांतून दोन शेंदरी, एकसारखे, बघत राहिले.
पुठ्ठा काढला. दोन.
ठेवला. एक.
मग त्यांनीच घेतला माझ्या हातातून
आणि काढत राहिले, ठेवत राहिले,
मागे रांग लागली तरी.

वादिम, ते म्हणाले.
कोण वादिम?
पोर होतं गोदीत. निम्मी बाजू जुन्या निळ्यावर मारली,
निम्मी उघड्या लोखंडावर.
मी म्हटलं खेप बदललीस, खोटं बोलतोस.
सगळ्यांदेखत म्हटलं.
तो सारखा सांगत होता, डबा एकच आहे.

नंतर काही बोलले नाहीत.
जाताना मात्र पुठ्ठा मागितला.
तो स्वाध्यायाचा भाग आहे, मी म्हटलं, गुण जातील.
किती?
अर्धा.
त्यांनी कोटाचं आतलं बटण काढलं
आणि पुठ्ठा न दुमडता
आतल्या खिशात सरकवला.