सांध्याचं माप

इंदुरात ट्राम कधीच नव्हती.
हे आधीच सांगते, म्हणजे कुणी जुना माणूस
रामबागेतून उठून दुरुस्ती करायला नको.

बत्तीस वर्षं मी दात केले.
डॉक्टर फक्त ते बसवायचे.
आता काम नाही आणि हात ऐकत नाहीत,
म्हणून पेटीतून काढलं उरलेलं प्लास्टर,
बारीक कानशी, हिरडीच्या रंगाचं ॲक्रिलिक,
आणि वाकड्या दातांच्या पोरांना बांधायची
ती तार, एक अख्खं वेटोळं.

साठ बाय तीसची फळी,
एकटीला उचलता येईल, पलंगाखाली सरकेल अशी.
तिच्यावर राजवाडा, साती मजले.
पाचव्यात बुडबुडा राहिला, तो खिडकी म्हणून खपवला.
शेजारी सराफा, आणि इथे मी अडले:
दिवसाचा करू की रात्रीचा?
सोन्याची दुकानं, की त्यांच्याच ओट्यावरचा गराडू?
शेवटी एका बाजूला पेढी उघडी ठेवली, दुसऱ्या बाजूला कढई.
ट्रामला साडेचार सेकंद लागतात
सकाळची रात्र करायला.

दिव्यांचे खांब ए-टू रंगाचे.
निम्मं इंदूर त्याच रंगाचं हसतं, मला विचारा.
वरून जाणारी विजेची तार
दातांचीच.

पुढची फळी माझी नाही.
ती सुदामा नगरात, श्रीरंगच्या गच्चीवरच्या खोलीत.
धाकटा भाऊ. पीडब्ल्यूडीतून निवृत्त.
आईच्या औषधांच्या पावत्यांवरून
आम्ही नऊ वर्षं बोललो नाही.
पावत्या माझ्याकडे आहेत.
त्यात एक बेरीज माझीही चुकली आहे,
ते त्याला ठाऊक नाही.

कल्पना त्याच्या मैथिलीची.
तिची शाळा माझ्या गल्लीला लागून.
"आत्या, अर्धी तू कर, अर्धी बाबा करतील.
जोडायचं तेवढं फक्त सारखं हवं."
फक्त.

मग दप्तरातून चिठ्ठ्या:
"रूळ काठापासून साडेसात सेंटीमीटर."
"समोरच्या की मागच्या?"
"समोरच्या. अर्थात."
ते 'अर्थात' मी दोन दिवस वाचत होते.
"दोन रुळांत नऊ मिलिमीटर."
"माहीत आहे." (हे मी.)
"उंची किती धरायची?"
"तुझ्याकडे आईचं शिलाई मशीन आहे ना, तेवढी."

आत काय बांधायचं ते ज्याचं त्यानं,
या कामाचा नियमच तसा.
कडेला मात्र बरोबर भेटावं लागतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो आला,
फळी चादरीत गुंडाळून, रिक्षातून.
पोहे खाल्ले. जीरावन मागितलं नाही,
मी घातलं.
त्याच्या फळीवर छप्पन दुकान,
सर्व्हेयरची ओळ, दोरीत, आणि एकही माणूस नाही.
माझ्याकडे सदतीस माणसं आणि एकही ओळ सरळ नाही.
सराफ्यापासून छप्पनपर्यंतचं इंदूर
दोघांपैकी कुणीच बांधलं नव्हतं.

क्लॅम्प आवळले. ट्राम निघाली,
राजवाडा, सोनं, कढई,
आणि सांध्यावर टक्कन उलटली.
तो वाकला. मीही वाकले.
"माझी मिलिमीटरभर खाली आहे," तो म्हणाला.
"नाही, माझी वर असेल."

त्यानं खिशातून बसचं तिकीट काढलं, खाली घालायला.
मी म्हटलं, थांब.
कपाटातून एक पावती आणली,
चार घड्या घातल्या, सरकवली.
मेडिकलचं नाव वरच्या घडीवर होतं.
त्यानं वाचलं. बोटानं दाबून पाहिलं.
"बसली," म्हणाला.

दुसऱ्या खेपेला ट्राम चढली.
पुढची चाकं त्याच्या छप्पनवर,
मागची अजून माझ्या सराफ्यात,
आणि वीज गेली. खरीच, अख्ख्या गल्लीची.

अंधारात मैथिलीनं विचारलं, "आता?"
श्रीरंग म्हणाला, "बसून राहा. येईल."
बहुधा ट्राममधल्या माणसांना.